विजयाची बाटली आणि शिवलेली बॅग

ईशान, सई, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला एक चांगली बातमी दिलीत आणि एक वाईट कल्पना. बातमी अशी की डिसेंबरात तुम्ही दोघं परदेशातून कोल्हापूरला येताय आणि चांगले तीन आठवडे राहणार आहात. कल्पना अशी की येताना माझ्या गुडघ्यांसाठी हेंपच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या, तेलाची बाटली आणणार आहात, आणि त्यासोबत त्याच तेलाच्या, अस्वलाच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या. "आजी, इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. एकदम लीगल आहे," असं ईशान म्हणाला. मी विषय बदलला आणि थालीपीठ हवं की धपाटे, असं विचारलं.

विषय बदलण्याचं कारण सांगायला हवं. 'कायदेशीर आहे' हे वाक्य मी स्वतः एकदा अगदी याच सुरात, दुकानाच्या काउंटरवरून, एका तरुण माणसाला ऐकवलं होतं. त्या वाक्याने त्याच्या आयुष्याची काही वर्षं गेली असती. एका दिवाळी अंकाच्या संपादिकेने औषधाच्या दुकानातले अनुभव लिहून मागितले आहेत. म्हटलं, लिहायचंच आहे तर तुम्हाला उद्देशून लिहावं. इतरांनी शेजारी बसून वाचावं.

आपलं दुकान तुम्ही पाहिलंत तेव्हा तुम्ही इतके लहान होता की तुम्हाला फक्त खोकल्याच्या गोळ्यांची बरणी आठवत असेल. शाहूपुरीतल्या त्या दुकानाचे दोन भाग होते. डाव्या हाताला इंग्रजी औषधं, उजव्या हाताला आयुर्वेदिक. उजवी बाजू तुमच्या आजोबांची, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. डावी बाजू माझी. मी फार्मसीची पदवी घेतली होती, शिक्षण सगळं इंग्रजीत, त्यामुळे लग्नानंतर दुकानात आले ती रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणूनच आले, नुसती सून म्हणून नाही. मध्ये संगमरवरी लादीचं काउंटर होतं. उन्हाळ्यात दुपारी त्यावर हात ठेवला की गार वाटायचं. उजवीकडून हिंग आणि ओव्याचा वास, डावीकडून स्पिरिटचा. आजही कुठे हे दोन वास एकत्र आले की मी क्षणभर थांबते.

मी दुकानात नवी असताना एका गृहस्थांनी कानाचं औषध डोळ्यांत घातलं. नशीब, फार काही बिघडलं नाही, पण मी रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: बाटली पिशवीत घालण्याआधी गिऱ्हाइकाने लेबल मोठ्याने वाचून दाखवायचं. औषधाचं नाव, कशासाठी, किती, मुदत कधीपर्यंत. वाचता येत नसेल तर रांगेतल्या मागच्या माणसाने वाचायचं. आता हे कोल्हापूर. इथे कुणी गप्प राहून नियम पाळत नाही.

"बाई, औषध देताय का परीक्षा घेताय?"

"शाळेत हेच जमलं न्हाय म्हणून तर फौंड्रीत हाय की वो!"

त्यावर आजोबा उजवीकडून, चष्म्यावरून बघत म्हणायचे, "वाचा पावणं. पास झाल्याशिवाय आमच्या बाई सोडत नाहीत." रांगेतल्या रांगेत सगळ्या शाहूपुरीला एकमेकांची बद्धकोष्ठता ठाऊक झाली होती. काही औषधं मात्र हळू वाचली तरी चालतील, अशी सवलत मी लवकरच दिली.

हेंपचा माल आमच्याकडे आला तो माझ्या दुकानदारीच्या अगदी शेवटी. वनस्पती नवी नव्हती. आजोबांच्या जुन्या पुस्तकात ती 'विजया' या नावाने होती. नव्या होत्या त्या काळ्या काचेच्या छोट्या बाटल्या, ड्रॉपर आणि हिरव्या पानाचं चित्र. लोक आत यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "बाई, ते... गांजाचं त्याल हाय काय?"

तेव्हा मी जे काउंटरवर सांगत असे, ते इथे सांगते. झाड एकच, पण कायदा झाडाला विचारत नाही, त्याच्या भागाला विचारतो. पंच्याऐंशी सालचा अमली पदार्थांचा कायदा फुलं-फळं आलेल्या शेंड्यांना गांजा म्हणतो आणि झाडाच्या चिकाला चरस. या दोन्हींना हात लावायचा नाही. बी आणि पान शेंड्यांशिवाय असेल तर ते गांजात मोडत नाही. म्हणून बी आता रीतसर खाण्याच्या पदार्थांत आलं आहे, जवसाच्या किंवा तिळाच्या पंगतीला बसल्यासारखं. पानाचं काय करायचं ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. आणि पानापासून केलेलं औषध आयुर्वेदिक परवाना असलेल्या कारखान्यानेच करायचं. विजया आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत असल्यामुळे बाटलीवर 'सावधान, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापलेलं असलंच पाहिजे. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं तेल बहुतेक शेंड्यांपासून काढलेलं असतं. तुमच्याकडे त्याला हेंप म्हणतात. ते इथल्या विमानतळावर उतरलं की त्याला काय म्हणायचं हे ईशान ठरवणार नाही, तिथला अधिकारी ठरवेल.

यावरून आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक आठवतात. त्यांच्या मुलीने त्यांना हेंपच्या बियांचं पाकीट पाठवलं होतं, प्रथिनांसाठी. सर ते पाकीट रुमालात बांधून, रुमाल पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून दुकानात घेऊन आले. आख्खी रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग पुढे आले आणि म्हणाले, "बाई, हे घरात ठेवलं तर मला शिक्षकाची पेन्शन मिळत राहील ना?" मी त्यांनाही वाचायला लावलं. खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक होता, उत्पादनाची तारीख होती, सगळं ठीक होतं. "सर, भाजून लसूण घालून चटणी करा," मी म्हटलं. त्यांनी केली. पण शेजाऱ्याला मोठ्या अभिमानाने नाव सांगून बसले. पुढचे सहा महिने त्यांच्या अपार्टमेंटमध्ये 'सर गांजा खातात' ही बातमी होती. लोक जिन्यात त्यांचे डोळे निरखून बघायचे.

विकत घ्यायचं तर काय बघायचं, हेही सांगते. परवान्याचा क्रमांक आणि बॅचचा क्रमांक दोन्ही बाटलीवर हवेत. तपासणीचा अहवाल मागायचा, आणि त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्याशी ताडून बघायचा. बरेच लोक अहवाल आहे एवढंच बघतात, तो दुसऱ्याच बॅचचा असतो. बाटलीवरची चौकोनी ठिपक्यांची खूण फोनने उघडून बघायची. एकदा एका बाटलीवरची खूण उघडली तर साड्यांची जाहिरात निघाली. किती थेंबांत किती औषध ते लिहिलेलं नसेल तर बाटली परत करायची. रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही. गरोदर बाईने घ्यायचं नाही. झोप येते, म्हणून घेऊन गाडी चालवायची नाही. आणि जेलीची अस्वलं घरात लहान मूल असेल तर आणायचीच नाहीत, कारण मूल लेबल वाचत नाही.

एकदा मात्र या सगळ्या नियमांचा मला त्रास झाला. एक बाई होत्या, शिक्षिका, असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या मुलाने परदेशातून कुणाकरवी तेलाची बाटली मागवली होती. त्यावर नाव सोडलं तर काहीही नव्हतं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त बरं आहे म्हणा, मी आईला देतो." मी म्हटलं नाही. त्याला वैद्यांचं नाव दिलं. पण तो पुन्हा आला नाही आणि पुढे काही महिन्यांनी त्या बाई गेल्याचं कळलं. मी चुकले असं मला वाटत नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन, वैद्यांना सोबत घेऊन, काही करता आलं असतं. मी लेबल नाही म्हणून हात झटकून मोकळी झाले. हे मनात राहिलं आहे.

आता सागरची गोष्ट.

गारगोटीच्या अलीकडे एक गाव आहे, तिथली रुक्माक्का आमची जुनी गिऱ्हाईक. महिन्यातून एकदा अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला यायची आणि जाताना आमच्याकडून नवऱ्याच्या दम्याची औषधं न्यायची. नवरा गेल्यावर औषधं थांबली, येणं थांबलं नाही. वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून लेबलं पाठ झाली होती. तिचा मुलगा सागर आयटीआय करून शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा घासून गुळगुळीत करायचं काम. वाकून वाकून तिशीतच पाठ गेली. एका वैद्यांची चिठ्ठी घेऊन तो दुकानात आला. चिठ्ठीवर विजयाचं तेल होतं, रात्री जिभेखाली थेंब.

मी बाटली काढली. तो न सांगता वाचू लागला, कारण लहानपणापासून आईबरोबर आमच्याकडे येत होता. विजया पत्र, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, सावधान, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. एकही अक्षर चुकला नाही. मग बाटली हातात फिरवत म्हणाला,

"बाई, पण ह्यात काय लफडं न्हाय न्हवं? पोलिसांचं वगैरे?"

मी अहवाल दाखवला, बॅच ताडून दाखवली आणि जरा तोऱ्यातच म्हटलं, "अरे, पूर्ण कायदेशीर आहे. निर्धास्त राहा."

चिठ्ठी खरी, बाटली खरी, वाचन बरोबर. माझ्या हिशेबाने तो पास झाला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी, थंडीत, सकाळी अकराच्या सुमाराला रुक्माक्का आली. नवं लुगडं, कपाळाला अंगारा, हातात अंबाबाईचा प्रसाद.

"बाई, पोरगं चाललं की आज!"

"कुठे?"

"दुबयला." आखातातला कुठलाही देश रुक्माक्काच्या लेखी दुबईच. "फॅब्रिकेशनचं काम मिळालंया. तीनला गाडी येत्या, गोव्यासनं इमान हाय. कुकू न्यायला आलते. म्हणलं जाताना बाईंस्नी सांगून जावं."

मी तिचं अभिनंदन केलं, खडीसाखर दिली. ती सांगत होती, बॅगेत काय काय भरलं, कसं भरलं. "आणि तुमचं त्याल बी ठेवलंय मधोमध, सोटरात गुंडाळून. फुटाय नगं म्हणून. दोन म्हयन्याचं हाय."

आखाती देशांत या वनस्पतीची कुठलीच गोष्ट चालत नाही. पान की शेंडा, वैद्यांची चिठ्ठी आहे की नाही, तिथे कुणी विचारत नाही. इंग्रजीतून सगळे कायदे वाचलेली मी बाई, बाटलीवरचा प्रत्येक क्रमांक तपासला होता, पण सागरला एक साधा प्रश्न विचारला नव्हता: हे तू कुठे नेणार आहेस?

त्याला फोन लावला आणि आधी नेमका देश विचारून घेतला. तो मोटरसायकलवर होता, पाहुण्यांच्या पाया पडायला चालला होता.

"सागर, ती तेलाची बाटली बॅगेतून काढ. तिकडे चालत नाही. पकडतात."

"बाई, तुम्हीच म्हणलासा की कायदेशीर हाय! लेबल तोंडपाठ हाय मला, म्हणून दाखवू?"

"इथे कायदेशीर आहे. तिथे नाही. काढ."

"बरं बरं. काढतो की. तुम्ही नका काळजी करू."

हे 'बरं बरं' मी तीसेक वर्षं काउंटरवर ऐकलं होतं. 'तंबाखू सोडा' म्हटलं की लोक असंच 'बरं बरं' म्हणतात. नंतर तासभर त्याचा फोन लागेना.

मी आयुष्यात पहिल्यांदा भरदुपारी दुकान बंद केलं. आजोबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, उजवी बाजू बघणारंही कुणी नव्हतं. दारावर पुठ्ठा लावला: 'जरुरीच्या कामासाठी दुपारी बंद. तातडीचे असल्यास समोरच्या दुकानात जावे.' स्टँडजवळून गाडी ठरवली आणि रुक्माक्काला घेऊन निघाले.

वाटेत तिने एकदाच विचारलं, "धरत्याल व्हय त्याला?"

"धरू शकतात."

"किती दीस?"

मला खोटं बोलता येईना. "दिवस नाहीत, आक्का. वर्षं."

ती प्रसादाची पुडी मुठीत धरून खिडकीतून बाहेर बघत राहिली. बिद्रीच्या साखर कारखान्याजवळ आलो तर पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या, मुंगीच्या पावलाने. मी सारखी घड्याळ बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, हंगाम हाय. हितं मंत्र्याची गाडी बी थांबत्या." तेवढ्या वेळात मी फोनवर त्या देशाच्या कस्टमने बंदी घातलेल्या वस्तूंची यादी शोधली. यादीत हेंप सापडलं. माझा संशय खरा ठरला, तशी मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला.

पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, अर्धं गाव बसलेलं. मधोमध पाटावर बॅग. बॅग कसली, काळं धूड, चारी बाजूंनी सुतळीने शिवलेलं, वर इंग्रजीत सागरचं नाव, त्यावर हळदकुंकू, अक्षता, शेजारी फोडलेल्या नारळाची भकलं. बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या.

"बाई, तुम्ही कशापायी एवढ्या लांब आलासा?" सागर पुढे आला. "मी काढतो म्हणलोतो की."

"काढलीस?"

त्याने बॅगेकडे बघितलं. मग नानांकडे. नाना म्हणजे रुक्माक्काचे दीर, भाऊ गेल्यापासून घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"पूजा झालीया, बाई," नाना म्हणाले. "पूजा झालेली बॅग सोडत न्हाईत. आमच्यात ते चालत न्हाय. पोरगं पयल्यांदाच साता समुद्रापल्याड चाललंय, तुम्ही अपशकुन करू नका."

"नाना, बॅगेत एक बाटली आहे. ती सापडली तर सागरला तुरुंगात घालतील."

"बाटली कुणी दिली?"

"मी."

"कायदेशीर कोण म्हणालं?"

"मीच म्हणाले."

"मग आज कायदा बदलला व्हय?"

सोप्यात सगळे हसले. माझं शिक्षण, माझी पदवी, माझा नियम, सगळं त्या हसण्यात गेलं. मग मला जे येत होतं तेच मी केलं. फोन काढला, ती यादी उघडली, अक्षरं मोठी केली आणि सागरच्या हातात दिला.

"वाचून दाखव."

हे ऐकल्यावर तो थांबला. लहानपणापासून ऐकलेला हुकूम होता. आयटीआयच्या इंग्रजीत, अडखळत, एकेक ओळ वाचून तो मराठीत सांगू लागला. "प्रोहिबिटेड... म्हंजे बंदी. ह्या वस्तू आणल्या तर... शिक्षा." त्याने बोट खालच्या ओळीवर सरकवलं. "कॅनाबिस. हेंप... हेंप ऑइल." त्याने माझ्याकडे बघितलं. "हे आपलंच की."

"हो."

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला. पण मी त्याला लेबल नेहमी शेवटपर्यंत वाचायला शिकवलं होतं. तो वाचतच राहिला. "पॉपी... पॉपी सीड्स. हे काय असतंय, बाई?"

"खसखस," मी सवयीने बोलले. बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की गाडीत मी ही यादी निम्म्यातच सोडली होती. हवं ते सापडलं आणि मी वाचायची थांबले. सगळ्या शाहूपुरीला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावणारी मी.

रुक्माक्का भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मसाल्यात हाय."

तिने बॅगेकडे बोट केलं.

"कांदा-लसूण मसाला दोन वर्साचा घातलाय डब्यात. खसखस मूठभर जास्तच घातल्या. त्याला रस्सा दाट लागतोय." आणि ती आत जाऊन विळा घेऊन आली.

"वैनी!" नाना उठून उभे राहिले. "पूजा झालीया म्हणतोय मी!"

"भावजी, पूजा परत करू," रुक्माक्का सुतळी कापत म्हणाली. "पोरगं परत कुठनं आणू?"

बॅग उघडली. स्वेटरात गुंडाळलेली बाटली निघाली, ती मी पर्समध्ये टाकली. मग स्टीलचा डबा निघाला, झाकणाला चिकटपट्टीचे वेढे. रुक्माक्काने तो स्वतः उचलून बाजूला ठेवला, पाळण्यातून मूल उचलावं तसा. सागरची बायको परत सुतळी ओवू लागली. तेवढ्यात नाना खाकरले.

"वैनी... डिंकाच्या लाडवातबी खसखस हाय की."

"तुमास्नी काय ठावं?"

"काल एक खाल्ला मी," नाना जमिनीकडे बघत म्हणाले. "दोन खाल्ले."

सोपा पुन्हा हसला, पण या वेळचं हसू वेगळं होतं. लाडवांचा डबाही बाहेर आला. बॅग एकदम पोकळ दिसू लागली. सुनेने स्वयंपाकघरातून शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी आणली आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत रुक्माक्काने डोळे मिटून लेबल म्हणावं तसं म्हटलं, "शेंगा, लसूण, तिखट, मीठ. बास." सागरने ती यादी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात शेंगदाणे नव्हते.

"आणि पाठ दुखली तर, बाई?" त्याने हळूच विचारलं.

"तिथल्या डॉक्टरला दाखव. तो देईल तेच घे. इथलं काही नेऊ नकोस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नानांनी स्वतः दुसरा नारळ आणला आणि फोडला. "दोन नारळ म्हंजे दुप्पट शकुन," असं त्यांनी जाहीर केलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. सागर माझ्या पाया पडला.

"आता पास का, बाई?"

"पास," मी म्हटलं. नापास कोण झालं होतं ते मला ठाऊक होतं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर रुक्माक्काने मसाल्याचा डबा माझ्या हातात दिला. "तुम्ही घिऊन जावा. हितं माझ्याच्यानं बघवायचा न्हाय." परतीच्या वाटेवर डबा माझ्या मांडीवर होता. बिद्रीला रांग तशीच होती. या वेळी मला घाई नव्हती.

त्यानंतर दुकान आणखी दोन वर्षं चाललं. वाचन तेच राहिलं, फक्त शेवटी एक प्रश्न वाढला: कुठे नेणार? लोक चिडायचे. "घरी न्हेणार, दुसरीकडं कुठं?" असं म्हणायचे. तरी मी विचारायची. एकदा एक जण खरंच म्हणाला, "मस्कतला," आणि मी बाटली परत कपाटात ठेवली.

तर ईशान, सई, आता तुमच्याकडे वळते. तुमचं तिकीट मी बघितलं. तुम्ही आखातातल्याच एका विमानतळावर सहा तास थांबणार आहात. बाटली आणू नका. अस्वलं आणू नका. निघण्याआधी बॅगेचे, कोटांचे, टूथब्रशच्या पिशवीचे सगळे कप्पे रिकामे करून बघा, कारण विसरलेली गोळीही गोळीच असते. तुमच्या एका राज्यात चालतं ते शेजारच्या राज्यात चालत नाही, आणि तिकडचे नियमही बदलत आहेत असं वाचते. मीही आता निवृत्त आहे, मी लिहिलेलं उद्या जुनं होईल. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. जिथून निघता, जिथे थांबता आणि जिथे उतरता, तिन्ही ठिकाणची यादी काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दोघांनी, एकमेकांना, मोठ्याने. माझ्या गुडघ्यांसाठी वैद्य दोन गल्ल्या पलीकडे आहेत. त्यांच्याकडे चालत जाते, तोच निम्मा उपाय आहे.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. संगमरवरी लादी नव्या मालकाने काढून टाकली, हिंगाचा वासही गेला. सागर गेल्या वर्षी सुट्टीवर येऊन गेला, पेढे घेऊन. रुक्माक्का अजून दर वर्षी मसाला कुटते आणि त्याचे दोन डबे करते. दोन्हींवर सुनेच्या अक्षरात चिठ्ठी असते. सागरच्या डब्यावर लिहिलेलं असतं, 'खसखस नाही'. माझ्या डब्यावर, 'खसखस आहे. घरातच खाणे.' डबा आला की मी चिठ्ठी मोठ्याने वाचते, आणि मगच तो फडताळात ठेवते.